वजन बेताचं, तरी साखर वाढलेली: असं का होतं? पुण्याजवळच्या ६ गावांनी दिलेलं उत्तर

अंगकाठी किरकोळ, वजन काट्यावर अगदी बेताचं. तरीही कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये रक्तातली साखर वाढलेली निघते, ट्रायग्लिसराइडच्या आकड्यासमोर लाल खूण असते. असा रिपोर्ट हातात आला की घरात दोन प्रतिक्रिया हमखास येतात. एक, "आपल्या घराण्यातच आहे, आनुवंशिक आहे, काही इलाज नाही." दुसरी, "तुझं खाणंच चुकतंय, भात बंद कर."

दोन्हींत थोडं तथ्य आहे, पण त्यातलं एकही उत्तर पुरेसं नाही. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसांना मधुमेह आणि हृदयविकार का होतात, या प्रश्नावर जगातलं एक महत्त्वाचं संशोधन महाराष्ट्रातच झालं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या संशोधकांनी पुण्याजवळच्या ६ गावांत १९९३ साली ते सुरू केलं. तिथे जन्मलेली मुलं आज तिशीच्या आसपास आहेत. या अभ्यासातून जनुकं आणि आहार यांच्यामधला एक दुवा समोर आला, तो म्हणजे आईच्या पोटातले ९ महिने.

प्रश्न किती मोठा आहे?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या पाहणीचे देशभरातले निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत.

याच पाहणीतले आणखी दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. बीएमआयनुसार लठ्ठ ठरणाऱ्या प्रौढांचं प्रमाण होतं २८.६ टक्के. पोटाच्या घेरानुसार लठ्ठ ठरणाऱ्यांचं प्रमाण होतं ३९.५ टक्के. याचा अर्थ वजनकाटा ज्यांना 'ठीक आहे' म्हणतो, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या पोटावर चरबी साठलेली आहे. घोटाळा इथेच आहे.

बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. तो काढायला सोपा, पण त्यात एक उणीव आहे. वजनातला किती भाग स्नायूंचा आणि किती चरबीचा, हे त्यातून कळत नाही.

दोन डॉक्टर, एकच बीएमआय

ही उणीव दाखवणारा एक फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली छापून आला. फोटोत दोन डॉक्टर शेजारी उभे आहेत. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. दोघंही सडपातळ.

मात्र शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणजे दुपटीहून जास्त! दोघांची आडनावं इंग्रजीत 'वाय' अक्षराने सुरू होतात, म्हणून हा प्रकार 'वाय-वाय पॅराडॉक्स' या नावाने ओळखला जातो.

सरासरी पाहिली तर भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते. ती चरबीही पोटात, यकृताच्या आजूबाजूला साठण्याची प्रवृत्ती जास्त. मांड्यांवर किंवा नितंबांवर, त्वचेखाली साठलेली चरबी त्यामानाने निरुपद्रवी असते. पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी मात्र स्वस्थ बसत नाही. तिच्यातून स्निग्धाम्लं आणि दाह वाढवणारे घटक रक्तात सुटतात. त्यामुळे यकृत आणि स्नायू इन्सुलिनला नीट दाद देईनासे होतात. यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. मग स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन तयार करावं लागतं. बरीच वर्षं ते निभावून नेतं आणि एके दिवशी कमी पडतं. तिथून साखर वाढायला लागते.

म्हणूनच भारतीयांसाठी निकष वेगळे आहेत. जगात इतरत्र २५ च्या पुढचा बीएमआय 'जास्त वजन' आणि ३० च्या पुढचा 'लठ्ठपणा' मानतात. आपल्याकडे या पायऱ्या २३ आणि २५ वर आहेत. पोटाच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर धरली जाते.

गोष्ट जन्माच्या आधीच सुरू होते

ही जास्तीची चरबी नेमकी कधी येते? नोकरी लागल्यावर? लग्नानंतर? पुण्याच्या अभ्यासातून आलेलं उत्तर अनपेक्षित होतं. ती जन्मतःच असते.

केईएमच्या पथकाने ६ गावांतल्या तरुण विवाहित स्त्रियांची नोंद गरोदर राहण्याच्या आधीपासून ठेवली. त्यांचं वजन, उंची, आहार, घरातले आणि शेतातले कष्ट, रक्तातली जीवनसत्त्वं, सगळ्याची मोजदाद झाली. पुढे सुमारे ८०० गरोदरपणांचा बारकाईने पाठपुरावा झाला. या कामाला 'पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी' म्हणतात. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचे संशोधकही त्यात सहभागी होते.

गरोदर राहण्याआधी या स्त्रियांचं सरासरी वजन होतं सुमारे ४२ किलो आणि उंची १५२ सेंटिमीटर. त्यांच्या बाळांचं जन्माच्या वेळचं सरासरी वजन २.७ किलो भरलं. साउदॅम्प्टनच्या बाळांचं होतं साधारण ३.५ किलो.

बाळं लहान होती यात नवल नव्हतं. नवल पुढे होतं. बाळांचा घेर, लांबी आणि त्वचेच्या घडीची जाडी मोजली तेव्हा दिसलं की पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव इंग्लंडच्या बाळांच्या तुलनेत फारच लहान होते. पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र जवळपास राखली गेली होती. नाळेतल्या रक्ताच्या तपासणीतही तेच दिसलं. वजनाच्या मानाने इन्सुलिन आणि लेप्टिन ही संप्रेरकं या बाळांमध्ये जास्त होती. म्हणजे दिसायला बारीक, पण आतून चरबीदार बाळ. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात संशोधकांनी त्याला 'थिन-फॅट' भारतीय बाळ म्हटलं.

ही मुलं १८ वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासणी झाली. त्यांतली ४८ टक्के मुलं-मुली अजूनही कमी वजनाची होती, म्हणजे बीएमआय १८.५ च्या खाली. तरीही ३७ टक्के तरुणांमध्ये आणि १८ टक्के तरुणींमध्ये साखरेचं प्रमाण नेहमीपेक्षा जास्त निघालं. बहुतेक सगळे मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे. खेड्यातली, सडपातळ, १८ वर्षांची मुलं! 'जास्त खाऊन जाड झाले म्हणून मधुमेह झाला' हे सरळसोट गणित इथे बसत नाही.

मग हा दोष जनुकांचा का?

जनुकांचा वाटा आहेच. जुळ्यांच्या अभ्यासांवरून असं दिसतं की दोन माणसांच्या बीएमआयमध्ये जो फरक असतो, त्यातला साधारण ४० ते ७० टक्के भाग आनुवंशिकतेशी जोडता येतो. पण 'लठ्ठपणाचं जनुक' असं एकच एक काही नसतं.

क्वचित कुणाच्या बाबतीत एकाच जनुकातला बिघाड सगळा खेळ ठरवतो. १९९७ साली ब्रिटनमधल्या संशोधकांना एकाच कुटुंबातली दोन मुलं सापडली. त्यांच्या शरीरात लेप्टिन तयारच होत नव्हतं. लेप्टिन हे चरबीच्या पेशींतून निघणारं संप्रेरक मेंदूला 'पोट भरलं' असा निरोप देतं. तो निरोप नाही म्हणून या मुलांची भूक शमतच नव्हती. पुढे अशा मुलांना लेप्टिनची इंजेक्शनं दिल्यावर त्यांची भूक आणि वजन दोन्ही उतरले. मात्र असे रुग्ण जगभरात मोजकेच आहेत.

बाकी आपल्या सगळ्यांच्या बाबतीत शेकडो जनुकं थोडा थोडा हातभार लावतात. त्यांतलं सगळ्यात गाजलेलं म्हणजे २००७ साली लठ्ठपणाशी जोडलं गेलेलं 'एफटीओ'. त्याचा एक विशिष्ट प्रकार आई आणि वडील दोघांकडूनही मिळालेल्या लोकांचं वजन, तो कुणाकडूनच न मिळालेल्यांपेक्षा सरासरी ३ किलोंनी जास्त आढळलं. फक्त ३ किलो.

वजनाशी जोडलेल्या जनुकांपैकी बरीच चरबीच्या पेशींपेक्षा मेंदूत जास्त काम करतात. भूक किती लागते, किती खाल्ल्यावर समाधान होतं, समोर मिठाई दिसली की हात किती आवरतो, हे त्यांच्यामुळे माणसागणिक बदलतं. त्यामुळे 'मला जमतं, मग तुला का जमत नाही?' असं म्हणणं अन्यायाचं आहे. प्रत्येकाच्या भुकेचा जोर सारखा नसतो.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २ लाखांहून जास्त प्रौढांच्या माहितीचा एकत्र अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. अंगमेहनत करणाऱ्यांमध्ये एफटीओचा परिणाम सुमारे २७ टक्क्यांनी कमी दिसला. जनुक तेच, पण चालत्या-फिरत्या शरीरात त्याचा जोर ओसरला.

परिस्थिती किती फरक पाडते, याचं आणखी ठळक उदाहरण अमेरिकेतल्या पिमा आदिवासींचं आहे. या जमातीचे लोक अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात राहतात, तसेच मेक्सिकोच्या डोंगराळ भागातही. दोघांचं आनुवंशिक नातं जवळचं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत मेक्सिकोत कष्टाची शेती करून राहणाऱ्या पिमांमध्ये मधुमेहाचं प्रमाण ६.९ टक्के होतं. अ‍ॅरिझोनात आधुनिक अमेरिकी राहणीमान स्वीकारलेल्या पिमांमध्ये ते ३८ टक्के होतं.

आईचं ताट आणि बाळाची जनुकं

जनुकं आणि आहार यांची गाठ कुठे पडते, हे समजायला घरातली पाककृतींची वही आठवा. आजीची वही आईकडे आली, आईची मुलीकडे. वहीतला मजकूर तोच. पण कुणी एखाद्या पानाचा कोपरा दुमडून ठेवला, कुणी दोन पानं पिनेने एकत्र टाचून टाकली. दुमडलेलं पान पुन्हा पुन्हा उघडलं जातं, टाचलेलं वाचलंच जात नाही. शरीरातही असंच होतं. डीएनएचा मजकूर न बदलता त्यावर रासायनिक खुणा बसतात आणि कुठलं जनुक किती चालेल हे त्यावरून ठरतं. या अभ्यासशाखेला एपिजेनेटिक्स म्हणतात.

याचा एक दाखला दुसऱ्या महायुद्धातला आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझी सैन्याने नेदरलँड्सच्या पश्चिम भागाची अन्नाची रसद तोडली. त्या उपासमारीच्या काळात ज्या बाळांची गर्भधारणा झाली, त्यांच्या डीएनएवरच्या खुणा सुमारे ६० वर्षांनंतरही त्यांच्या सख्ख्या भावंडांपेक्षा वेगळ्या आढळल्या.

पुण्याजवळच्या गावांत दुष्काळ नव्हता, नाझी सैन्यही नव्हतं. तिथे होती वर्षानुवर्षांची अर्धवट पोषणाची सवय. गरोदरपणात या स्त्रिया दिवसाला साधारण १,८०० कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिनं घेत होत्या. पण बाळाच्या आकाराचा संबंध एकूण कॅलरींशी फारसा दिसला नाही. तो दिसला हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध यांच्याशी. हे पदार्थ वरचेवर खाणाऱ्या स्त्रियांची बाळं मोठी होती. शेतात आणि घरात जास्त कष्ट उपसणाऱ्या स्त्रियांची बाळं लहान होती.

सगळ्यात महत्त्वाचा धागा सापडला तो बी-१२ जीवनसत्त्वाचा. या अभ्यासातल्या सुमारे दोन तृतीयांश गरोदर स्त्रियांमध्ये बी-१२ कमी होतं. बी-१२ आणि फोलेट ही जीवनसत्त्वं मिळून डीएनएवर त्या खुणा करण्यासाठी लागणारा कच्चा माल पुरवतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या मातांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये वयाच्या सहाव्या वर्षी इन्सुलिन रेझिस्टन्स सर्वाधिक होता.

याचा अर्थ गरोदर स्त्रियांनी फॉलिक अ‍ॅसिडची गोळी बंद करावी असा अजिबात नाही. बाळाच्या मज्जारज्जूतले गंभीर दोष टाळायला ती गोळी लागतेच. अर्थ इतकाच की तिच्या जोडीला बी-१२ कडेही लक्ष हवं, आणि ते डॉक्टरांच्या सल्ल्याने. बी-१२ नैसर्गिकरीत्या मिळतं ते दूध, दही, अंडी, मासे आणि मांसातून. भाज्या, डाळी, धान्यांत ते जवळपास नसतंच. शाकाहारी घरांत त्याची कमतरता का दिसते, ते यावरून कळतं.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये २००६ पासून झालेल्या एका प्रयोगाने पुढचं पाऊल टाकलं. 'प्रोजेक्ट सरस' असं त्याचं नाव. गरोदर राहण्याआधीपासून प्रसूतीपर्यंत स्त्रियांना रोज पालेभाज्या, फळं आणि दूध घालून केलेला समोशासारखा खाऊ दिला गेला. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला कमी पोषक खाऊ मिळाला. बाळांच्या वजनात एकंदर मोठा फरक पडला नाही. मात्र गरोदरपणी होणाऱ्या मधुमेहाचं प्रमाण १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर आलेलं दिसलं. गर्भधारणेच्या किमान ३ महिने आधीपासून खाऊ घेणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचं वजन थोडं वाढलंही. आईचं पोषण गरोदरपणाची बातमी कळल्यावर सुरू करून भागत नाही, ते आधीपासून हवं, हा त्यातला धडा.

गाव सुटतं, तेव्हा शरीराचं काय होतं?

आईच्या पोटात कमी पोषण मिळालेलं शरीर काटकसरीसाठी तयार झालेलं असतं. छोटं स्वादुपिंड, थोडे स्नायू, चरबी राखून ठेवायची सवय. पुढचं आयुष्यही काटकसरीचं असेल तर ते तगून जातं. अडचण होते ती अचानक सुबत्ता आल्यावर. १९९२ साली इंग्लंडच्या निकोलस हेल्स आणि डेव्हिड बार्कर यांनी मांडलेल्या सिद्धांताचा गाभा हाच आहे.

पुण्यात ८ वर्षांच्या ४७७ मुलांची तपासणी करून १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सगळ्यात जास्त इन्सुलिन रेझिस्टन्स आणि वाईट कोलेस्टेरॉल होतं ते जन्मतः लहान असलेल्या, पण आठव्या वर्षापर्यंत अंगाने भरलेल्या मुलांमध्ये. म्हणजे बाळ लहान जन्मलं म्हणून त्याला तूप-साखर-बिस्किटांचा मारा करून 'गुटगुटीत' करण्याची घाई उलटू शकते.

हाच बदल आज महाराष्ट्रातली लाखो कुटुंबं जगत आहेत. पनवेलजवळचं करंजाडे घ्या. मूळचं गाव, भोवती शेतजमीन. सिडकोने तिथे नोड वसवला आणि आता बहुमजली इमारतींच्या रांगा आहेत. नवी मुंबई विमानतळामुळे घरं सोडाव्या लागलेल्या काही कुटुंबांचं पुनर्वसनही याच परिसरात झालं. अशा ठिकाणी राहायला येणाऱ्या घरांत आजोबांनी शेतात किंवा खाडीवर कष्ट केलेले असतात, वडील शिफ्ट ड्युटी करतात आणि नातू लॅपटॉपसमोर बसून काम करतो. तीन पिढ्यांत अंगमेहनत आटली. शेतावर राबणाऱ्याला पुरेल एवढा भात-भाकरीचा वाटा मात्र ताटात तसाच राहिला, आणि त्यावर वडापाव, बिस्किटं, कोल्ड्रिंक आणि रात्री उशिराची ऑर्डर वाढली.

जनुकं तीन पिढ्यांत बदलत नाहीत. बदलली ती आजूबाजूची परिस्थिती.

हृदयाचं काय?

५२ देशांमध्ये झालेल्या 'इंटरहार्ट' या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला. इतर देशांत हे वय जवळपास ५९ होतं. म्हणजे आपल्याकडे साधारण ६ वर्षं आधी.

हृदयाच्या बाबतीत काही गोष्टी खरोखरच घराण्यातून येतात आणि त्या ओळखणं गरजेचं आहे.

पहिली, फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया. यात रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, यकृताला नीट उचलता येत नाही. त्यामुळे ते लहानपणापासून जास्त असतं. पथ्याने थोडा फरक पडतो, पण औषधाशिवाय भागत नाही.

दुसरी, लिपोप्रोटीन (ए). रक्तातलं याचं प्रमाण जवळपास पूर्णपणे जनुकांवर ठरतं. आहार किंवा व्यायामाने ते फारसं हलत नाही. आयुष्यात एकदा तरी ही तपासणी करावी, अशी शिफारस भारतातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली केली. ते जास्त निघालं तर रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू या आपल्या हातातल्या गोष्टींकडे अधिक काटेकोरपणे पाहावं लागतं.

तिसरी, 'एमवायबीपीसी३' या जनुकातला एक बदल. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतल्या के. थंगराज यांच्या पथकाने २००९ साली दाखवलं की या जनुकातली २५ अक्षरं गळालेला प्रकार सुमारे ४ टक्के भारतीयांमध्ये आढळतो. त्याने हृदयाचे स्नायू उतारवयात कमजोर होण्याचा धोका वाढतो. ब्लॉकेज आणि हा आजार वेगळे. म्हणून 'घरात हार्टचा त्रास आहे' एवढं सांगून पुरत नाही. कुणाला, कोणत्या वयात, नेमका कुठला त्रास झाला, हे डॉक्टरांना सांगायला हवं.

आता दिलासा देणारी बाजू. त्याच 'इंटरहार्ट' अभ्यासानुसार पहिल्या झटक्याच्या धोक्यापैकी सुमारे ९० टक्के धोका ९ गोष्टींशी जोडलेला आहे. धूम्रपान, कोलेस्टेरॉलचा बिघाड, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळं-भाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव आणि मद्यपान. या सगळ्यांबाबत काही ना काही करता येतं.

२०१६ साली ५५ हजारांहून जास्त लोकांच्या माहितीवर आधारलेला आणखी एक अभ्यास आला. ज्यांच्या जनुकांत हृदयविकाराचा धोका सर्वाधिक होता, त्यांच्यातही चांगली जीवनशैली असलेल्यांना आजार होण्याचा धोका वाईट जीवनशैलीवाल्यांपेक्षा ४६ टक्क्यांनी कमी होता.

ताटात काय बदलायचं?

आयसीएमआरच्या पाहणीतले आहाराबद्दलचे निष्कर्ष २०२५ साली आले. भारतीयांना सुमारे ६२ टक्के कॅलरी कार्बोदकांतून मिळतात, म्हणजे भात, पोळी, साखर, मैदा यांतून. प्रथिनांचा वाटा जेमतेम १२ टक्के.

सोशल मीडियावर 'गव्हाऐवजी नाचणी, तांदळाऐवजी ज्वारी' असा सल्ला जोरात चालतो. पण याच अभ्यासात दिसलं की कार्बोदकांचं एकूण प्रमाण तेवढंच ठेवून नुसतं धान्य बदलल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसत नाही. फरक दिसतो तो कार्बोदकांतला थोडा वाटा काढून त्या जागी डाळी, दूध-दही, अंडी किंवा मासे आले की. ज्वारीची भाकरी चांगलीच आहे, पण चार भाकऱ्या खाऊन उपयोग नाही.

मराठी स्वयंपाकघरात हे अवघड नाही:

• ताटातला भात-पोळीचा ढीग कमी करून आमटी, उसळ, पिठलं वाढवणं. पातळ वरण आणि भाताचा डोंगर, याऐवजी घट्ट वरण आणि थोडा भात.

• मेथी, चवळई, अंबाडी, शेपू यांसारखी एखादी पालेभाजी रोज. बटाट्याची भाजी ही भाजीच्या खात्यात धरायची नाही, ती भाताच्या खात्यात.

• शाकाहारी असाल तर दूध, दही, ताक नियमित. थकवा, हातापायांना मुंग्या असा त्रास असेल, किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं सुरू असेल, तर बी-१२ ची तपासणी डॉक्टरांना विचारून करणं.

• चहातली साखर मोजून पाहणं. दिवसाला ४ कप आणि प्रत्येकात २ चमचे म्हणजे ८ चमचे साखर फक्त चहातून पोटात जाते.

• पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातलं तळण, वनस्पती तूप आणि बेकरीचे पदार्थ रोजच्या यादीतून काढून सणावारापुरते ठेवणं.

• जेवणानंतर १०-१५ मिनिटं चालणं आणि आठवड्यातून २-३ वेळा स्नायूंना ताण देणारा व्यायाम. रक्तातली साखर उचलण्याचं मोठं काम स्नायू करतात, आणि आपल्याकडे जन्मापासून तुटवडा आहे तो त्यांचाच.

डीएनए टेस्ट करून डाएट ठरवावं का?

'तुमच्या जनुकांनुसार आहार' अशा जाहिराती हल्ली बऱ्याच दिसतात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने हीच कल्पना तपासली. ६०९ प्रौढांना वर्षभर एकतर कमी चरबीचा किंवा कमी कार्बोदकांचा आहार दिला. दोन्ही गटांचं वजन जवळपास सारखंच उतरलं, ५ ते ६ किलो. कुणाच्या जनुकांना कुठला आहार 'सूट' होतो, याचा जो अंदाज बांधला होता, त्याने काहीही फरक पडला नाही. २०१८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

जनुकीय चाचणीचा उपयोग आहे, पण तो वेगळ्या ठिकाणी. घरात कमी वयात हृदयविकार, अचानक मृत्यू किंवा लहानपणापासून खूप जास्त कोलेस्टेरॉल असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने. वजन उतरवण्यासाठी हजारो रुपयांची चाचणी करण्याआधी शिंप्याची टेप पुरेशी आहे.

काय मोजायचं?

पोटाचा घेर बेंबीच्या पातळीला, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता मोजा. पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटरच्या पुढे आकडा गेला तर वजन कितीही 'नॉर्मल' असलं तरी रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी आणि लिपिड प्रोफाइल तपासून घ्यावं. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला मधुमेह असेल, तर विशी-तिशीतच ही तपासणी करायला हरकत नाही. गरोदरपणात साखर वाढलेल्या स्त्रियांनी प्रसूतीनंतरही ती तपासत राहावं. बाळंतपणानंतर साखर उतरली की बहुतेक जणी हे विसरतात.

सगळ्यात दूरचा परिणाम करणारी गोष्ट मात्र कुठल्याच रिपोर्टात दिसत नाही. पुण्याजवळच्या त्याच गावांत, त्याच अभ्यासात जन्मलेल्या मुला-मुलींना २०१२ पासून एका प्रयोगात बी-१२ च्या गोळ्या दिल्या गेल्या. त्यांचं लग्न होऊन मुलं होतील तेव्हा त्या बाळांना फायदा व्हावा, हा हेतू. म्हणजे नातवंडांच्या तब्येतीची तयारी किशोरवयातच सुरू झाली.

घरात सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरलंसुरलं ताटात घेणारी मुलगी किंवा सून असेल, तर तिच्या ताटाकडे या नजरेने पाहायला हवं. दुधाचा पेला, पालेभाजीचा मोठा वाटा, एखादं अंडं किंवा फळ आज तिला मिळालं, तर पुढच्या पिढीच्या हृदयाचा आणि साखरेचा हिशोब थोडा हलका होऊ शकतो. घराण्याकडून मिळालेली जनुकं बदलता येणार नाहीत. घरात कुणाला काय वाढायचं, ते आजच्या जेवणापासून बदलता येतं.